शेपटीचं कापड

“…बाकी सगळं विमान पत्र्याचं. मग या हलत्या झडपांनाच तेवढं कापड का?”

शाल्मलीने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

हेंद्रे मास्तरांनी सुईत दोरा ओवला. दोरा मेणाच्या वडीवरून दोनदा ओढला. मग मान वर न करता म्हणाले, “चहा घेणार का, इंजिनीअरबाई?”

आता याला काय म्हणावं? पण मास्तरांचं सगळं असंच. नेमकं काही विचारावं, तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत.

फलटणच्या पलीकडे एक उजाड माळ आहे असं समजा. माळावर जुनी धावपट्टी, तिच्या कडेला पत्र्याची मोठी शेड, आणि शेडमध्ये हवाई दलाचं साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं विमान. नवखे वैमानिक लढाऊ विमानाकडे जायच्या आधी ज्यावर धडे गिरवायचे, त्या जातीचं. रंगावरून पोरं त्याला ‘पिवळी’ म्हणायची. चार हौशी लोकांनी ते भंगारातून सोडवून आणलं आणि दीड वर्ष खपून उडण्याजोगं केलं.

राहिल्या होत्या त्या शेपटीच्या दोन झडपा. एक उभी, तिने विमान डावी-उजवीकडे वळतं. एक आडवी, तिने नाक वर-खाली होतं. दोन्हींचा सांगाडा धातूचा आणि वर कापड ताणून शिवलेलं.

हे कापड शिवू शकणारा माणूस आता शोधूनही सापडत नाही. हौशी मंडळींना तो फलटणच्या एका गल्लीत, शाळेच्या गणवेशाला काजं करताना सापडला. रंगनाथ हेंद्रे. घराणं शिंप्याचं, वय ऐंशीला टेकलेलं. हवाई दलात अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, विमानाचं कापड शिवणं.

आणि शाल्मली खारकर, तेहतीस वर्षांची. परदेशातून डॉक्टरेट, बंगळूरला मोठ्या हुद्द्याची नोकरी. या विमानाच्या कागदांवर शेवटची सही करायचा परवाना तिच्याकडे. हुशार, कष्टाळू, आणि नाकावर माशी बसू न देणारी.

कापड का, हे तिला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. तिने मास्तरांना ते सगळं घडाघडा म्हणूनही दाखवलं होतं. की त्या काळी वैमानिकाने दांडी नुसत्या हाताच्या जोरावर हलवायची, म्हणून झडप हलकी हवी. लढाईत गोळी आरपार गेली, तर कापडाला ठिगळ लावून तासाभरात विमान परत उभं करता येई. पुढे वेग वाढले, तेव्हा वाऱ्याने हे कापड फुगायला लागलं आणि मग सगळीकडे पत्रा आला.

तिला उत्तर नको होतं, कबुली हवी होती. हे अडचणीच्या काळातलं काम होतं, तो काळ गेला, आता पत्रा लावा, असं मास्तरांच्या तोंडून ऐकायचं होतं. पत्र्याच्या झडपेचे नकाशे तिने काढून आणले होते.

मास्तरांनी ते नकाशे नीट बघितले, छान आहेत म्हणाले, आणि घडी घालून परत दिले.

“उभी झडप मी शिवतो,” ते म्हणाले. “आडवी तुम्ही शिवा.”

“मी? …मी कधी बटणसुद्धा लावलेलं नाही.”

“मग बरंच झालं.”

तिने ऐकलं, कारण तिला घाई होती. आणि घाईचं कारण रोज सकाळी शेडच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेलं असायचं.

ते कारण म्हणजे तिचे बाबा. विंग कमांडर माधव खारकर, निवृत्त, वय एकोणसत्तर. विसाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं एकट्याचं उड्डाण त्यांनी अशाच पिवळीतून केलं होतं. आता डाव्या डोळ्याने दगा द्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सध्याचा फिटनेसचा दाखला महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत आहे, पुढचा काही मिळायचा नाही. हौशी मंडळींनी पहिलं उड्डाण त्यांनाच देऊ केलं होतं. म्हणजे शनिवारपर्यंत विमान उडालं तर उडालं. नाहीतर खारकरांचं उडणं कायमचं संपलं.

शाल्मलीची आई गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून हा माणूस घरात नुसता घड्याळाकडे बघत बसायचा. लेकीला ते बघवत नव्हतं. एकदा, फक्त एकदा तिला बाबांना त्या विमानात बसवायचं होतं. दोन महिन्यांची रजा तिने एवढ्यासाठीच काढली होती.

खारकर कधी “झालं का?” असं विचारत नसत. विचारलं तर लेकीला ओझं होईल, असं त्यांना वाटायचं. पेपर मात्र दुपारपर्यंत पहिल्याच पानावर असायचा.

तर शाल्मली शिवायला बसली.

पहिल्या आठवड्यात मास्तरांनी तिची शिवण तीनदा उसवली. रागावले नाहीत. तिच्यासमोर बसून एकेक टाका काढायचे आणि सुई परत तिच्या हातात द्यायचे. चौथ्या वेळी त्यांनी उसवली नाही. तिने त्यातच मान मानून घेतला आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

शिवून झालं की कापडावर डोप चढवायचा. लाखेसारखं पातळ औषध असतं ते, पार पिकलेल्या केळ्यांसारखा वास येतो. ते सुकताना कापड आवळत जातं. मास्तर नखाने टिचकी मारून ऐकायचे. दिमडीसारखा आवाज आला की मान हलवायचे.

“सहा हात द्यायचे,” त्यांनी सांगितलं. “त्यावर रंगाचा एक, पातळ.” आणि ते इंदापूरला नातीच्या लग्नाला तीन दिवस गेले.

इथेच आमच्या बाईंच्या घोड्याने पेंड खाल्ली.

सहा हात झाले, वर रंगाचा पातळ हातही झाला. पण उजेडात बघितलं तर कापडाची वीण दिसत होती. बारीक, आडव्या-उभ्या धाग्यांची. शाल्मलीला ते खुपलं. बाकीचं विमान चकचकीत, आणि आपण केलेली शेपटी तेवढी पिठाच्या चाळणीसारखी दिसणार? बाबा काय म्हणतील? फोटोत काय दिसेल?

तिने डोपचा सातवा हात दिला. पॉलिशपेपरने घासलं. आठवा दिला, घासलं. नववा दिला. वर पिवळ्या रंगाचे दोन जाड हात आणि त्यावर पॉलिश. वीण पार बुजली. झडपेत वाकून बघितलं तर स्वतःचा चेहरा दिसत होता.

खारकर उठून आले, त्यांनी त्यावरून पालथा हात फिरवला. “वा,” एवढंच म्हणाले. शाल्मलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सोमवारी सकाळी मास्तर आले. लग्नातले लाडू त्यांनी खारकरांच्या हातात दिले, टोपी खुंटीला अडकवली आणि झडपेपाशी गेले. शाल्मली बाजूला उभी राहिली. अशा वेळी माणूस कौतुकासाठी कसा उभा राहतो ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

मास्तरांनी त्या चकाकीकडे बघितलंसुद्धा नाही. दोन स्टँड मांडले, झडप बिजागरीच्या खिळ्यांवर त्यांत टेकवली आणि हात सोडला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. झडप बिजागरीवर वर-खाली हलते. बिजागरीच्या मागे सगळं कापड असतं आणि पुढे शिशाचा छोटा तुकडा, वजन सारखं करायला. हात सोडला की झडप आडवी, तरंगत राहिली पाहिजे. मागची कड जड झाली, तर वेगात ती थरथरायला लागते. एकदा थरथर सुरू झाली की वैमानिकाला दांडी धरवत नाही. शेपूट निखळायला चार श्वास पुरतात.

मास्तरांनी हात सोडला…

मागची कड हळूहळू खाली गेली. खाली गेली आणि तिथेच लोंबत राहिली.

वर शेडचा पत्रा उन्हाने कडकड वाजत होता.

“किती हात दिले?”

“सहा…”

मास्तरांनी कापडावर नखाने टिचकी मारली.

“…नऊ,” शाल्मली म्हणाली. “आणि वर रंग.”

तिचा चेहरा उतरला. कारण हे तिला कोणी शिकवायची गरजच नव्हती. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच थरथरीवर होतं, सव्वाशे पानांचं. त्यात आकडे होते, आलेख होते, निखळलेल्या शेपट्यांचे फोटो होते. रंगालाही वजन असतं, हे त्या सव्वाशे पानांत कुठेतरी नक्की असणार. पण हातात ब्रश होता तेव्हा ती पानं तिच्या कामी आली नाहीत. ब्रश चालवत होती ती लेक होती, आणि तिला बाबांकडून ‘वा’ ऐकायचं होतं.

तिने चटकन उपाय काढला. पुढचं शिसं वाढवायचं. मागे जेवढं जड झालं, तेवढं पुढे जड केलं की काटा सारखा.

मास्तरांनी नाही म्हटलं नाही. कपाटातून शिसं काढून दिलं. तिने वितळवलं, ओतलं, घासलं, बसवलं. दुपारपर्यंत झडप स्टँडवर अगदी आडवी राहिली. मग तिने वजन केलं. जुन्या पुस्तकात सगळ्यात जास्त किती चालेल तो आकडा होता. झडप त्याच्या आत होती, अगदी काठावर का होईना, पण आत.

“नियमात बसतंय,” ती म्हणाली.

“बसतंय,” मास्तर म्हणाले.

“मग सही करू?”

“सही तुमची आहे.”

त्यांच्या या बोलण्याने तिचं समाधान झालं नाही. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. तिने निमूटपणे झडप विमानाला चढवली. तारा जोडल्या.

“आता बूट काढा,” मास्तर म्हणाले, “आणि आत जाऊन बसा. डोळे मिटा.”

“का?”

“बसा तर.”

ती वैमानिकाच्या जागेवर बसली. अनवाणी पाय पायपट्ट्यांवर टेकले. या पट्ट्यांनी उभी झडप हलते. ती झडप मास्तरांनी शिवलेली. ते शेपटीकडे चालत गेले, त्यांचा आवाज आता लांबून येत होता.

“मी झडपेला हात लावतो. लागला की सांगा.”

ती डोळे मिटून बसली. काही वेळ काहीच नाही. मग डाव्या तळपायाखाली काहीतरी हललं. हललं असंही म्हणता येणार नाही, कोणीतरी पायाला बोट लावल्यासारखं झालं.

“आत्ता,” ती म्हणाली.

“बरोबर. …आता?”

“आता उजवीकडे.”

“बरोबर.”

तिला हसू आलं. पंचवीस फुटांवरचा म्हाताऱ्या माणसाचा तळवा तिच्या पायाला कळत होता. असलं काही तिने पुस्तकात वाचलं नव्हतं.

“आता दांडी धरा. दोन बोटांनी.”

तिने दांडी धरली. ही दांडी आडव्या झडपेची, ती झडप तिने स्वतः शिवलेली. ती वाट बघत राहिली. बोटांना काहीच कळेना. शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची पावलंसुद्धा ऐकू येत होती. तिने बोटं थोडी सैल केली, मग थोडी घट्ट केली.

“मास्तर, लावा ना हात.”

“…तीनदा लावून झाला.”

तिने डोळे उघडले.

समोर काचेतून धावपट्टी दिसत होती. ही बाबांची जागा. परवा-तेरवा ते इथे बसणार होते, आणि वर गेल्यावर त्यांच्या हातात ही एक दांडी सोडून दुसरं काही असणार नव्हतं. वारा फिरला, विमान जड झालं, काही बिनसायला लागलं, तर ते या बोटांनाच आधी कळणार. आणि झडप जड करून तिने या दांडीला बहिरं करून ठेवलं होतं. चकाकीसाठी.

तिला रडू आलं. तिने ते आवरलं नाही.

बऱ्याच वेळाने ती खाली उतरली. मास्तर शेपटीपाशी उभे होते. कागद टेबलावर होते, पेनही होतं.

“आकडा बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. “तुम्ही सही केलीत तर कोणी बोट ठेवणार नाही.”

“कात्री द्या,” शाल्मली म्हणाली.

“आज सोमवार आहे.”

“माहीत आहे.”

“डोप सुकायला वेळ लागतो. घाई केली की धरत नाही.”

“माहीत आहे, मास्तर. …कात्री द्या.”

त्यांनी दिली. तिने झडप उतरवली आणि त्या आरशासारख्या पिवळ्या कापडात कात्री खुपसली. पहिल्या फटक्याला कापड टरकन फाटलं. दाराशी खुर्ची वाजली.

खारकर उठून उभे राहिले होते. शाल्मली त्यांच्याकडे गेली. काय बिघडलं ते सगळं सांगितलं, लपवालपवी केली नाही. नऊ हातांचं सांगितलं, शिशाचं सांगितलं, दांडीचं सांगितलं. मग म्हणाली, की कदाचित शनिवारपर्यंत व्हायचं नाही.

खारकरांनी पेपरची घडी घातली. पेपर खुर्चीवर ठेवला. वर चष्मा ठेवला.

“शिवताना पलीकडून सुई परत द्यायला कोण असतं?” त्यांनी विचारलं.

“मास्तर असतात.”

“त्यांचे गुडघे दुखतात. मी बसतो.”

काम तसं दोघांचंच असतं. झडप उभी करायची, एक जण या बाजूला, एक त्या बाजूला. वीतभर लांब सुई कापडातून आरपार ढकलायची, पलीकडच्याने ती ओढून घ्यायची, सांगाड्याच्या कडेने परत पाठवायची आणि मग इकडे गाठ. दर दोन बोटांवर एक गाठ. मध्ये कापड असतं, त्यामुळे समोरचा माणूस दिसत नाही. येते ती नुसती सुई.

मंगळवारी सकाळी नवं कापड चढलं आणि बापलेक दोन बाजूंना बसले.

पहिल्या तासाला खारकरांनी तिच्या बोटात दोनदा सुई टोचली. दुसऱ्या तासाला हात बसला. डाव्या डोळ्याने नीट दिसत नव्हतं, म्हणून ते बोटाने चाचपून सांगाडा शोधायचे आणि सुई बरोबर त्याच्या कडेने पाठवायचे. तिसऱ्या तासाला ते बोलायला लागले.

आई गेल्यापासून ते एवढं बोलले नव्हते. पहिल्या एकट्याच्या उड्डाणाचा दिवस सांगितला. शाल्मलीच्या आईला त्यांनी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं होतं, लग्न व्हायच्या आधी, आणि त्यात विमानाबद्दल एक ओळ नव्हती. मग म्हणाले, घरात फार शांत वाटतं गं. तोंडावर त्यांना हे कधी बोलता आलं नसतं. मध्ये कापड होतं म्हणून बोलले.

शाल्मली ऐकत होती. सुई येत होती, ती गाठ मारत होती. एका ठिकाणी तिचा टाका चुकला. कोणाच्या लक्षात आला नसता. तिने आपणहून तो उसवला आणि परत घातला.

मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. दिवसभरात त्यांनी एकदाही उठून शिवण तपासली नाही. नुसते बसून होते.

बुधवारी आणि गुरुवारी डोपचे हात झाले. फाल्गुनाचं कोरडं ऊन होतं म्हणून लवकर सुकलं. गुरुवारी संध्याकाळी सहावा हात पुरा झाला आणि ब्रश धुऊन टाकला. रंगाला वेळ उरला नव्हता. हौशी मंडळींपैकी एक जण बघायला आला होता, तो हळहळला. सगळं विमान हळद लागल्यासारखं पिवळं आणि शेपटीला तेवढा मांजरपाटाचा तुकडा. फोटो कसे यायचे? एक हात पिवळा मारायला काय जातंय?

“नंतर मारू,” शाल्मली म्हणाली. “उद्या नाही.” तिच्या आवाजात राग नव्हता.

शुक्रवारी दुपारी झडप स्टँडवर ठेवली, वाढवलेलं शिसं काढून, जुन्याच शिशानिशी. हात सोडला. ती आडवी राहिली. एक माशी येऊन मागच्या कडेवर बसली आणि कड किंचित खाली झुकली. माशी उडाली, तशी परत वर आली.

मग झडप चढवली, विमान शेडच्या बाहेर ओढलं आणि शाल्मली कोणी सांगायच्या आधीच बूट काढून आत बसली. दांडी दोन बोटांत धरली. डोळे मिटले.

“आत्ता,” ती म्हणाली.

मास्तर काही बोलले नाहीत.

“…आत्ता परत. हळू होता, पण लागला.”

“मी अजून तुमच्याजवळच उभा आहे,” मास्तर म्हणाले. आवाज खरंच शेजारून आला. “वारा सुटलाय.”

ती तशीच डोळे मिटून बसून राहिली. माळावरून वारा येत होता, शेपटीवरून जात होता, आणि तिच्या बोटांना कळत होता. तिने मास्तरांना पुढे काही विचारलं नाही.

सही तिने शनिवारी सकाळी केली.

सव्वानऊला खारकर विमानात चढले. पायरीवर एकदा पाय घसरला, शाल्मलीने सावरलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वर जाऊन बसले ते एकदम वेगळेच दिसायला लागले. खांदे सरळ झाले. इंजिन दोनदा खोकलं आणि धरलं. विमान धुरळा उडवत पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धावलं, आणि उचललं गेलं.

शाल्मली धावपट्टीच्या कडेला उभी होती. जीव मुठीत धरून उभी होती म्हणणं काही चूक नाही. तिचे डोळे विमानावर नव्हते, शेपटीवर होते. वेग वाढला तशी ती मनात आकडे मोजायला लागली. आता शंभर, आता एकशे वीस. आता थरथर सुटायची असेल तर सुटेल. आता… आता…

काही झालं नाही. पिवळी वळली, उंच गेली, लांबच्या डोंगराच्या बाजूला ठिपका झाली आणि परत आली. एकदा धावपट्टीवरून खालून गेली, तेव्हा आत खारकरांचं डोकं दिसलं. ते हसत होते की काय, ते एवढ्या लांबून कळलं नाही.

बावीस मिनिटं झाली. मग चाकं टेकली, एकदा उसळली, परत टेकली.

इंजिन बंद झाल्यावरही खारकर बराच वेळ आतच बसून राहिले. शाल्मली पंखावर चढून त्यांच्यापाशी गेली. त्यांनी हातमोजे काढले. डोळे पुसायला काही मिळेना, म्हणून तिच्या ओढणीला पुसले. म्हणाले, सगळं ऐकू येत होतं गं, हातात. संपलं त्याचं दुःख होतं आणि मिळालं त्याचा आनंद, दोन्ही चेहऱ्यावर होतं.

हौशी मंडळी धावत आली. फोटो काढायला लागली. त्या गडबडीत शाल्मलीला आठवलं, की मास्तर कुठेच दिसले नाहीत.

ती शेडकडे गेली.

मास्तर आत होते, स्टुलावर, धावपट्टीकडे पाठ करून. उरलेला दोरा रिळावर गुंडाळत होते. सुया फडक्यात खोचून झाल्या होत्या, मेणाची वडी कागदात बांधून झाली होती. एवढं आवरायला निदान वीस मिनिटं लागली असणार.

तिला धक्काच बसला. राग नाही म्हणता येणार, पण लागलं मनाला. दोन महिने या माणसासमोर बसून बोटं फोडून घेतली. चार दिवस नीट झोप नाही. बाबा वर होते, एकटे, तिने शिवलेल्या शेपटीवर. आणि हा माणूस रीळ गुंडाळत बसला होता.

“मास्तर… तुम्ही बाहेर आलाच नाहीत?”

“नाही.”

“एकदासुद्धा वर बघितलं नाही?”

मास्तरांनी दोऱ्याचं टोक रिळाच्या खाचेत अडकवलं. टोपी घेतली, झटकली, डोक्यावर घातली. मग पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. इतके दिवस ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ म्हणणारा तो माणूस म्हणाला,

“पोरी… मंगळवारी तुला शिवताना बघितलं होतं.”